सरळ नळीतला बाक

केलर्स मिल गावात डेलमर कुन्सलमनला पसंत पडलेला माणूस शोधायचा तर थेट दफनभूमीत जावं लागलं असतं, आणि तिथेही त्यानं थडग्याचा दगड ओळंब्यात नाही म्हणून नाक मुरडलं असतं. गावाबाहेरच्या टेकडीखाली डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे पोलादी साचे, बनवणारा कारखाना होता, तिथे तो एकतीस वर्षं तपासनीस होता. लोकांनी ग्राइंडरवर दिवस दिवस राबून पोलादाचा तुकडा घडवायचा, तो आणून डेलमरच्या काळ्या ग्रॅनाइटच्या पाटावर ठेवायचा आणि हात पुसत उभं राहायचं. डेलमर तो उचलायचा, दिव्याकडे तोंड करून डावा डोळा मिटायचा आणि उजव्या डोळ्यानं त्याच्या कडेवरून बघायचा. मायक्रोमीटर नंतर. आधी डोळा. बहुतेक वेळा मायक्रोमीटर लावायची पाळीच यायची नाही. खिशातून लाल चिठ्ठी निघायची, तुकड्याला बांधली जायची, आणि चिठ्ठीवर एकच शब्द असायचा: "पुन्हा."

"काय चुकलंय ते तरी सांग," असं कुणी म्हटलं की तो म्हणायचा, "ते तुला दिसत नाही, हेच चुकलंय."

वाईट गोष्ट अशी की तो बरोबर असायचा. इंचाचा हजारावा भाग, ज्याला कारखान्यात सगळे थाऊ म्हणत, तसे दोन थाऊ इकडे की तिकडे, हे त्याला नुसतं बघून कळायचं. त्यामुळे लोकांना त्याचा राग येई आणि तो राग कुठे काढावा हे कळत नसे. नऊ वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला, यंत्रांचा लिलाव झाला, आणि डेलमर डोळ्यासकट घरी आला.

घरी नापास करायला काय होतं? होतं की. शेजाऱ्याचं कुंपण होतं, रस्ता रंगवणाऱ्यांनी मारलेले पट्टे होते, शिकार क्लबातली शुक्रवारची तळलेली मासळी होती. बायको अर्लीन बेचाळीस वर्षं हॅमचा पाव, म्हणजे हॅमच्या खिम्याचा पावासारखा भाजलेला लगदा, करत आली होती. त्याच्या कापांची जाडी सारखी नसते हे तो तिला बेचाळीस वर्षं सांगत आला होता. ती म्हणायची, "तोंडात गेल्यावर सारखीच होते रे." आणि ताट त्याच्यापुढे सरकवायची.

पण त्याच्या तुच्छतेचा मोठा वाटा जात होता जावयाला. ब्रेंट जवळच्या ईरी शहरातल्या एका दुकानात गरम पाण्याचे टब विकायचा. माणूस गोल, हसरा, आणि त्याच्या तोंडी एक शब्द सारखा: "चालतंय." दार नीट लागत नाही? चालतंय. गाडी डावीकडे ओढते? चालतंय. हा शब्द ऐकला की डेलमरच्या मानेची शीर उडायची. ज्या माणसाला स्वतःच्या बुटाचे बंद सारख्या लांबीचे बांधता येत नाहीत त्याला आपली एकुलती एक मुलगी मिळाली, हा त्याला आपल्या तपासणीतला एकमेव ढिसाळपणा वाटायचा.

आमच्याकडे घरी बंदूक बांधणं म्हणजे काही आक्रीत नाही. लोक पुस्तकांचं कपाट बांधतात तसे सुटे भाग मागवतात आणि तळघरात जोडत बसतात. त्या वर्षी ऑक्टोबरात ब्रेंटनं एक अर्धस्वयंचलित रायफल जोडली. म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपली आपण नळीत येऊन बसते, तसली. जोडली कुठे, तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर, रविवारी दुपारी, समोर फुटबॉल चालू ठेवून, फोनवर कुणाचीतरी चित्रफीत बघत बघत. आणि पुढच्या शनिवारी क्लबाच्या मैदानावर तिनं तीस गोळ्या धडाधड झाडल्या. एकदाही अडली नाही.

सगळ्यांनी ब्रेंटच्या पाठीवर थाप मारली. डेलमरनं रायफल हातात घेतली, उलटीपालटी केली, डावा डोळा मिटून वरून खालून पाहिली.

"कशी वाटली, डेल?" ब्रेंटनं विचारलं. "खरं सांगा."

"ही बंदूक नाही," डेलमर म्हणाला. "हा योगायोग आहे."

"पण चालतेय ना!"

"योगायोगही चालतात. काही काळ."

घरी दारात पाय ठेवताच तो अर्लीनला म्हणाला, "बंदूक कशी बांधतात ते त्या टबवाल्याला दाखवायला लागणार."

त्या हिवाळ्यात ईरीच्या मोठ्या सरोवरावरून आलेल्या बर्फानं अंगणातली पत्रपेटीसुद्धा गाडून टाकली. डेलमरला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तो तळघरात होता. भाग येत होते, तो मोजत होता, आणि परत पाठवत होता. तीन खोकी परत गेली. प्रत्येकात एकेक पत्र. एका पत्राची सुरुवात अशी होती: "तुमच्या कारखान्यात तपासनीस असेल तर त्याला घरी पाठवा. नसेल तर मला आश्चर्य वाटणार नाही." ब्रेंटनं एका दुपारी जे उरकलं त्याला डेलमरनं चार महिने लावले. एकेक स्क्रू ठरलेल्या जोरानं आवळला, आणि त्याची खाच बंदुकीच्या लांबीला समांतर आणून ठेवली.

एप्रिलमध्ये मैदानावरचा चिखल जरा सुकला तेव्हा तो रायफल घेऊन गेला. ब्रेंट होताच. क्लबातले आणखी चारपाच जण काही ना काही निमित्तानं जवळ येऊन उभे राहिले.

पहिली गोळी सुटली. दुसरीला चाप ओढला तर काहीच नाही. आतला गाडा, जो मागे जाऊन नवी गोळी घेऊन पुढे येऊन बसायला हवा, तो अर्धा इंच अलीकडेच अडकून पडला होता. डेलमरनं तळहातानं ठोकून तो बसवला. गोळी सुटली. परत अडकला. असं पाच वेळा झालं.

"गोळ्या बदलून बघायच्या का?" ब्रेंट म्हणाला. तो खरंच मदत करू पाहत होता, हेच जास्त लागलं. "माझ्याकडच्या देऊ? नाहीतर वरची गॅसची नळी असेल हो. माझ्या एका मित्राची वाकडी बसली होती, त्यानं जरा अशी हातानंच..."

"तुझ्या मित्रानं काय हातानं केलं ते मला ऐकायचं नाही," डेलमर म्हणाला, आणि रायफल पेटीत ठेवून चालू लागला. मागे कुणीतरी खोकलं. ते खोकणं नव्हतं हे त्याला ठाऊक होतं.

पण टबवाला बरोबर बोलला होता, ही त्याहून मोठी पंचाईत. गोळी सुटली की तिच्यामागचा थोडा वायू नळीवरच्या एका बारीक पोलादी नळीतून मागे येतो आणि गाड्याला ढकलतो. गाडा पुढे परतला की त्याच्या डोक्यावरचं टोपण त्या बारीक नळीच्या टोकावर अलगद चढतं. नळी केसभर जरी एका बाजूला झुकली असेल तर टोपण तिच्यावर घासतं आणि गाडा अडतो. तळघरात डेलमरनं स्प्रिंग काढून बंदूक तिरकी केली. गाडा आपल्या वजनानं खाली घसरायला हवा होता. तो घसरला, घसरला, आणि शेवटच्या अर्ध्या इंचावर कच्चकन थांबला.

त्यानं नळी काढली. दिव्याकडे तोंड केलं. डावा डोळा मिटला.

नळी वाकडी होती. मधोमध, डावीकडे पोट काढल्यासारखी.

"हं!" तो मोठ्यानं म्हणाला. त्याला खरं तर बरं वाटलं. आपली चूक नव्हती, बनवणाऱ्याची होती. त्यानं दोन अंगठ्यांनी दाब देऊन, परत परत बघत, नळी सरळ केली. बसवली. गाडा आता पाऊण इंच अलीकडे अडला.

तसल्या नळीला पुढच्या टोकाशी मुळातच एक बाक दिलेला असतो, त्यामुळे ती सपाट पाटावर लोळवून तपासता येत नाही, नजरेवरच काम. आणि नजर तर डेलमरची. त्यानं दुसरी नळी मागवली. तीही डावीकडे पोट काढलेली. पत्र गेलं. तिसरी दुसऱ्या कारखान्याकडून मागवली. तीही तशीच. चौथी मागवली ती सगळ्यांत महागडी, ती तशी निघाली तेव्हा तो जिन्याखाली उभा राहून ओरडला, "या देशात एक सरळ नळी करणारा माणूस उरला नाही!"

"जेवायला ये," अर्लीन वरून म्हणाली.

त्यानं चारही नळ्या सरळ केल्या, आणि चारही आधीपेक्षा वाईट बसल्या. मग त्यानं नळी धरून ठेवणारा पुढचा ठोकळा तपासला. डायल लावून मोजला तर डायल म्हणाली, बरोबर आहे. डोळा म्हणाला, कललाय. एकतीस वर्षं त्यानं ज्याचं ऐकलं त्याचंच ऐकलं आणि ठोकळा फिरवला. डायल टेबलाच्या खणात टाकून खण धाडकन लावला. चिनी माल.

त्या वसंतात त्याला सगळं गावच बिघडलेलं दिसत होतं. वीजमंडळाच्या माणसांनी खांब वाकडे रोवले होते. शेजारच्या हॉवर्डनं गॅरेजला नवं दार लावलं तर डेलमर कुंपणावरून म्हणाला, "चौकट मधे आत गेलीय." बिचारा हॉवर्ड पाणसळ घेऊन आला, चारही बाजूंनी लावून दाखवली. बुडबुडा बरोबर मधे. डेलमर म्हणाला, "मग पाणसळ बदल." सकाळी कॉफी ओतताना ती कपाच्या कडेवर पडायची आणि टेबलावर ओघळायची. त्यावरही त्याचं मत तयार होतं: आजकालच्या किटलीची चोच वाईट असते.

मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी तो केस कापायला गेला असताना अर्लीननं तळघरातून रायफल आणि चार नळ्या उचलल्या, गाडीत टाकल्या, आणि रोझॅन पावलककडे नेऊन दिल्या.

रोझॅन त्याच कारखान्यात ग्राइंडरवर होती. कारखाना बंद झाल्यावर तिनं गावाबाहेरच्या जुन्या गोठ्यात स्वतःचं दुकान टाकलं. शेतकऱ्यांचे मोडके पुर्जे, क्लबवाल्यांच्या बंदुका, जे येईल ते. लिलावात तिनं घेतलेल्या वस्तूंमध्ये डेलमरचा काळा ग्रॅनाइटचा पाटही होता. तो तिनं मुद्दाम घेतला असं लोक म्हणत. कारण पंधरा वर्षांपूर्वी तिच्या अठरा पुर्ज्यांच्या एका अख्ख्या घाण्याला डेलमरनं लाल चिठ्ठ्या बांधल्या होत्या, आणि वरच्यांनी तिला तीन दिवस घरी बसवलं होतं. खात्यात ती एकटी बाई. त्या तीन दिवसांत पुरुषांनी काय काय विनोद केले ते तिला परत आल्यावर कळलं. तेव्हापासून ती डेलमरशी एक शब्द बोललेली नव्हती. शुक्रवारच्या मासळीला ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायची आणि मीठ लागलं तर ते त्याच्याजवळ असेल तेव्हा अळणी खायची.

संध्याकाळी तिचा फोन आला. अर्लीननं उचलला.

"बंदुकीत काही बिघाड नाही," रोझॅन म्हणाली. "त्याला पाठव."

"येणार नाही गं तो."

"बंदूक माझ्याकडे आहे म्हणून सांग. उडत येईल."

आणि आलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याचं दार त्यानं असं ढकललं की वरचं कबुतर उडालं. रोझॅन स्टुलावर बसून पेपरोनी भरलेला पावाचा गोळा खात होती. तिनं खाणं थांबवलं नाही.

"माझी वस्तू दे," डेलमर म्हणाला.

"ती बघ, पाटावर आहे. तुझ्याच जुन्या पाटावर ठेवलीय."

"कुणाला विचारून हात लावलास?"

"तुझ्या बायकोनं आणून दिली, कुन्सलमन. माझी हौस नव्हती." तिनं बोटं फडक्याला पुसली, उठली, रायफल उचलून तिरकी केली. गाडा सरसर घसरला आणि टक्क आवाज करून अगदी शेवटपर्यंत जाऊन बसला. तिनं परत मागे ओढला, परत सोडला. टक्क. "पहिली नळी तू बसवतानाच केसभर तिरकी बसली असणार. ठोकळा परत होता तसा फिरवला, आणि एक नवी नळी घातली. पुडीतून काढली तशीच. दहा मिनिटांचं काम."

डेलमरनं रायफल तिच्या हातातून घेतली. दिव्याकडे तोंड केलं. डावा डोळा मिटला.

"ही नळीही वाकडी आहे," तो म्हणाला.

"असं?"

"डावीकडे पोट आलंय. आंधळ्यालाही दिसेल. चालतेय ती योगायोगानं."

रोझॅननं त्याच्या चार नळ्या पाटावर एकीशेजारी एक मांडल्या. "या तू सरळ केल्यास. चारही बघ. चारही एकाच जागी, एकाच बाजूला, सारख्याच वाकवल्यास. चार वेगवेगळ्या चुका अशा नसतात. मी वीस वर्षं ग्राइंडरवर काढलीत; चार तुकडे सारखेच बिघडले की आपण तुकड्यांना शिव्या देत नाही, यंत्राकडे बघतो."

"मला शिकवू नकोस."

"नाही शिकवत. हे बघ फक्त." तिनं भिंतीवरच्या लाकडी पेटीतून एक लांब पोलादी पट्टी काढली. सरळपणा तपासायची, दहा वर्षांत एकदाही खाली न पडलेली, तेल लावून ठेवलेली. ती तिनं कडेवर उभी धरली. "ही कशी आहे?"

डेलमरनं डावा डोळा मिटला. "ही कुठल्या भंगारातून उचललीस? मधे आत गेलीय."

रोझॅननं पट्टी ग्रॅनाइटच्या पाटावर उभी ठेवली. पट्टीमागे दिवा ठेवला. पट्टी आणि पाट यांच्यामध्ये कुठे फट असती तर तिथून उजेड आला असता. अडाण्यालाही कळेल अशी ती परीक्षा होती, आणि डेलमरनं ती हजार वेळा घेतली होती.

"कुठून उजेड येतोय ते सांग," ती म्हणाली.

तो वाकला. बराच वेळ बघत राहिला. उजेड कुठूनच येत नव्हता, आणि तरीही पट्टी मधे वाकलेली होती, आणि तिच्याखालचा पाटही तिच्याबरोबर वाकलेला होता. त्याचा स्वतःचा पाट.

"आता दुसऱ्या डोळ्यानं बघ."

"माझा तपासायचा डोळा हा आहे."

"कुन्सलमन. दुसऱ्या डोळ्यानं बघ."

त्यानं हातानं उजवा डोळा झाकला. तो डोळा आपण होऊन मिटायची त्याला सवयच नव्हती. हात लावावा लागला. पट्टी सरळ झाली. पाट सपाट झाला. हात काढून त्यानं डावा झाकला. पट्टीनं परत पोट आत घेतलं, आणि मधोमध, जिथे तो नेमका बघत होता तिथे, एक मळकट डाग होता. अंगठा उमटावा तसा. तो डाग त्यानं आजवर चष्म्यावर समजून पुसला होता.

तो खिडकीशी गेला. चौकटीकडे एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्यानं. बाहेरच्या विजेच्या खांबाकडे पाहिलं. मग तिच्या स्टुलावर न विचारता बसला.

डेलमर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. आत्तापर्यंत ज्यांना ज्यांना त्यानं ढ म्हटलं होतं ते सगळे त्याच्यासमोरून एकेक करून जात असावेत. रांग लांब होती, वेळ लागणारच. आणि त्या रांगेच्या शेवटी जी बाई उभी होती ती इथेच फडक्यानं पट्टी पुसत होती.

"रोझॅन," तो म्हणाला. तिला नावानं त्यानं कधीच हाक मारली नव्हती. "तुझा तो घाणा. अठरा नगांचा."

"हं."

"तेव्हाही हा डोळा..."

रोझॅन पट्टी पुसायची थांबली. पंधरा वर्षं तिनं या माणसाच्या तोंडावर फेकायला जे जे जपून ठेवलं होतं त्यापेक्षा मोठं काहीतरी आज तो स्वतःच तिच्या हातात देत होता. फक्त खांदे उडवून "कुणास ठाऊक" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्या दोन शब्दांवर तो उरलेलं आयुष्य तळघरात बसून एकतीस वर्षांच्या चिठ्ठ्या पहिल्यापासून मोजत बसला असता.

"तेव्हा मी त्यातले दोन नग डब्यात घालून घरी नेले होते," ती म्हणाली. "भावाच्या दुकानात नेऊन तीन वेगवेगळ्या मायक्रोमीटरनी मोजले. तुला खोटं पाडायचं होतं मला. वरच्यांच्या टेबलावर आपटायचे होते." तिनं पट्टी पेटीत ठेवली आणि झाकण लावलं. "दोन थाऊ कमी होते. दोन्ही. तू बरोबर होतास. नालायक होतास, पण बरोबर होतास."

डेलमरनं मान खाली घातली. त्याच्या नाकातून कसलासा आवाज आला.

"रडायचं असेल तर बाहेर जा," रोझॅन म्हणाली. "इथे पोलाद असतं, गंजतं." आणि उरलेला पावाचा गोळा तोंडात टाकून ती मागच्या खोलीत निघून गेली. जाताना तिनं भिंतीवरच्या फोनवरून अर्लीनला फोन केला आणि त्याला गाडी चालवू न देता घेऊन जा म्हणून सांगितलं.

ईरीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्याला एक चौकटींचा कागद दाखवला. उभ्याआडव्या रेघा, मधे ठिपका.

"रेघा कशा दिसतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. वयानं त्या त्याच्या मुलीहून लहान होत्या.

"छपाई वाईट आहे," डेलमर सवयीनं म्हणाला. मग थांबला. "वाकड्या दिसतात."

डोळ्याच्या पडद्यामागे, अगदी मधल्या भागात, पाणी आणि रक्त झिरपत होतं. वय झालं की काहींना होतं. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईटाचं झाकून नेतो, म्हणून माणसाला महिनोन्महिने कळत नाही. एक डोळा मिटून बघायची सवय नसती तर यांनाही कळलं नसतं, असं बाई म्हणाल्या. डेलमरला हे ऐकून कणभर बरं वाटलेलं दिसलं. मग बाईंनी विचारलं, "हे कधीपासून होतंय?"

"ऑक्टोबरपासून म्हणतोय की सगळं वाकडं झालंय," अर्लीन म्हणाली. "पण तसं तो लग्नापासूनच म्हणतोय हो. म्हणून मी लक्ष दिलं नाही."

बाईंना हसू आवरलं नाही. डेलमर सरळ समोर भिंतीकडे बघत राहिला.

थंडीतच आला असतात तर बरंच वाचलं असतं, असं त्या म्हणाल्या. आता डोळ्यात सुई, महिन्यातून एकदा. आहे तेवढं टिकेल, गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही. पहिली सुई त्याच दिवशी दिली. परतताना गाडी अर्लीन चालवत होती. डोळ्यावर पट्टी बांधलेला डेलमर शेजारच्या जागेवर बसला होता, जिथे तो बेचाळीस वर्षांत कधी बसला नव्हता. दहा मैलांवर त्याला राहवलं नाही.

"उजवीकडे जास्त घेतेयस."

अर्लीननं गाडी हळूच रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. "डेल, मला गाडी चालवता येते की नाही हे तुला या घडीला दिसतं तरी का?"

मागून एक दुधाचा टँकर गेला, गाडी हलली.

"नाही," तो म्हणाला.

"मग गप बस आणि खिडकीतून गाई बघ."

त्यानं गाई बघितल्या. घर येईपर्यंत त्यानं गाईंना एकदाही नावं ठेवली नाहीत, असं अर्लीन नंतर मुलीला फोनवर सांगत होती. ते ऐकून ब्रेंटला काळजी वाटली आणि त्यानं विचारलं, "डोळ्याशिवाय आणखी काही झालंय का त्यांना?"

नळ्या बनवणाऱ्या तिन्ही कारखान्यांना माफीचं पत्र लिही, असं अर्लीननं त्याला दोनदा सुचवलं. पत्रं गेली नाहीत. "त्यांनी दुसरं काहीतरी चुकवलेलं असेलच," तो म्हणाला. हॉवर्डच्या गॅरेजच्या दाराबद्दलही तो काही बोलला नाही; मात्र एका सकाळी कुंपणापाशी गेला, उजवा डोळा हातानं झाकला, दाराकडे पाहिलं, आणि "बरं आहे," एवढं म्हणून परत आला. हॉवर्ड ते आठवडाभर गावात सांगत फिरत होता.

ऑगस्टमध्ये, तिसऱ्या सुईनंतर, डेलमरनं ब्रेंटला फोन केला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. सासऱ्याचा हा पहिलाच फोन. ब्रेंट टब विकायचा सोडून आला. दोघं क्लबाच्या मैदानावर गेले. आधी डेलमरनं रायफल डाव्या खांद्याला लावून पाहिली. अंग उलटं, हात उलटे, रिकामं पितळी काडतूस बाहेर पडताना तोंडासमोरून उडालं आणि तो दचकला. दहा गोळ्यांतल्या दोनच कागदाला लागल्या. ब्रेंट हसला नाही. तो शेजारच्या झाडाकडे बघत उभा होता, आणि त्याचं ते न हसणं डेलमरला क्लबातल्या सगळ्या खोकण्यांपेक्षा जास्त झोंबलं.

"धर," त्यानं रायफल पुढे केली. "तू झाड. सगळ्या."

"तुमची आहे, डेल. तुम्ही..."

"धर म्हणतो ना."

डेलमर मागच्या बाकावर जाऊन बसला आणि दोन्ही डोळे मिटले. ब्रेंटनं तीस गोळ्या झाडल्या. कानांवरच्या टोप्यांतूनही डेलमरला प्रत्येक गोळी कळत होती. तीसपैकी एकही अडली नाही.

ब्रेंट वळला तेव्हा त्याचा चेहरा आनंदानं टबासारखा रुंद झाला होता. "काय मस्त आहे हो ही! माझ्या बंदुकीपेक्षा कितीतरी गुळगुळीत. पाहिलंत का?"

"नाही पाहिलं. ऐकलं. तू चाप ओढत नाहीस, उपटतोस. सातवी, बारावी आणि शेवटच्या चार. गवत काढल्यासारखा."

"आवाजावरून कळतं?"

"ज्याला कळतं त्याला कळतं."

"मग दाखवा की कसा ओढायचा. येत जाईन दर शनिवारी."

डेलमर उठला. मैदानावरून गाड्यांकडे जाताना तीन लाकडी पायऱ्या उतराव्या लागतात. ब्रेंटनं हात पुढे केला. डेलमरनं तो धुडकावला आणि पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं; ते तिच्या बोटभर अलीकडे पडलं आणि तो डगमगला. दुसऱ्या पायरीपाशी त्यानं हात धरला नाही, ब्रेंटच्या शर्टाची बाही तेवढी चिमटीत धरली.

"हे कसलं कापड रे," तो उतरता उतरता म्हणाला. "चाळणीसुद्धा याच्याहून बरी विणलेली असते."